जुन्या घरात फार्महाऊस : काय घ्यावं, काय राखावं

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, 'आपले घर' हा विषय आपण सगळेच शिकवतो. कच्चं घर, पक्कं घर, दारं, खिडक्या अशी यादी फळ्यावर होते आणि तास संपतो. यंदा हा विषय मी शाळेपेक्षा घरीच जास्त शिकले, कारण आमच्या देवरूखच्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली.

घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर, बाजूने पडवी. मुंबईचे भाऊजी, म्हणजे माझे दीर, मोबाईलवर फोटो पाठवू लागले, "वहिनी, आपण असं करूया." पांढऱ्याशुभ्र भिंती, उघडे लाकडी वासे, काळ्या लोखंडी चौकटीच्या खिडक्या, खोल पांढरं सिंक आणि रुळावर सरकणारं भलंमोठं लाकडी दार. याला मॉडर्न फार्महाऊस स्टाइल म्हणतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका जोडप्याचा 'फिक्सर अप्पर' हा टीव्ही कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि ही पद्धत खूप लोकप्रिय झाली. ते सरकतं दार मुळात तिकडच्या शेतावरच्या गोठ्या-कोठाराचं. हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गोठ्याचं दार माजघराला लावायचं?"

आम्ही हसलो, पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या वाडीत कितीतरी घरांना कुलूप असतं. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडतात. घरात राहणं अवघड झालं की माणसं येईनाशी होतात, आणि माणूस नसलेलं कौलारू घर काही पावसाळ्यांतच बसतं. माकडांनी फोडलेलं एक कौल वेळेवर बदललं नाही तर पाणी आधी वाशात मुरतं, मग भिंतीत. त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात. भर पावसात रात्री मागच्या अंगणातल्या संडासाला जाणं त्यांना जमत नाही. म्हणजे बदल हवाच होता. वाद होता तो काय बदलायचं याचा.

मग मी वर्गातली पद्धत घरी वापरली. वहीत तीन रकाने आखले : वस्तूचं नाव, तिचं काम, आणि ती काढली तर काय होईल.

पहिला उंबरठा. सरकतं दार बसवायचं तर तो काढावा लागणार होता. पण उंबरठा नुसता रांगोळीसाठी नसतो. ओटीवर आलेलं पावसाचं पाणी तो अडवतो, विंचू-किडाही सहज आत येत नाही. म्हणून माजघराचं दोन फळ्यांचं दार तसंच ठेवलं. सरकतं दार कोठीच्या खोलीला केलं, तेही माळ्यावर पडून असलेल्या फणसाच्या फळ्यांचं. भाऊजी खूश, सासूबाईही खूश.

मग भिंती. पांढऱ्या करायला कुणाचीच ना नव्हती. पण चिऱ्याची भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. वर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की ओल आतच अडकते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून आम्ही चुनाच काढला. फोटोतला पांढरा रंग आपल्याकडे पूर्वीपासून होताच की!

ठेकेदाराने फॉल्स सीलिंग सुचवलं होतं. त्याचं काम काय, तर कौलं झाकणं. पण कौलं झाकली तर गळती कुठे आहे ते दिसणार कसं? वर उंदरांची सोय होणार ती वेगळीच. त्याऐवजी चार काचेची कौलं बसवली. अंधारं माजघर दिवसा उजळलं. वाशांना वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल लावलं.

स्वयंपाकघरात मात्र जुनं राखायचा हट्ट धरला नाही. खाली बसून रांधणं आणि मोरीत वाकून भांडी घासणं सासूबाईंना झेपत नव्हतं. तिथे उभ्याचा ओटा केला आणि भाऊजींच्या फोटोतलं खोल सिंक आलं. आतच संडास-बाथरूम केलं, भिंतीला धरायला दांडी लावली. ही दांडी एकाही फोटोत नव्हती, पण घरात सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.

"पण जुनं ते जुनं," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. खरं आहे. पण मंगलोरी कौलंही एकेकाळी नवीनच होती. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. त्याआधी इथल्या घरांवर गवताचं छप्पर नाहीतर कुंभाराचे नळे असत. म्हणजे आमच्या आजेसासऱ्यांनीही त्यांच्या काळातली नवी वस्तूच आणली होती. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर जपलं आहे. तिथल्या स्मारकाचं उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं. मुलांना जुनं कोकणी घर दाखवायला ते फार छान ठिकाण आहे. पण ते स्मारक आहे. आपल्या घरात आपल्याला राहायचं आहे.

पडवीचा निर्णय अजून व्हायचा आहे. भाऊजींना तिथे काचा लावून बैठक करायची आहे. पडवी पावसाचा मारा स्वतःवर घेते, म्हणून आतली भिंत कोरडी राहते, असं ह्यांचं म्हणणं. यंदाच्या पावसाळ्यात पाणी कुठवर येतं त्याच्या खुणा खडूने करायच्या आणि मग ठरवायचं, असं ठरलंय.

तुमच्या वर्गातही हा तक्ता करून बघा. मुलांना घरी पाठवा, आजी-आजोबांना विचारू द्या : माळा कशासाठी, खळं कशासाठी, देवळीत काय ठेवायचे? फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांनी गॅलरी आणि खिडकीवरचा सज्जा घ्यावा. आणि पालकहो, घराचं काम काढणार असाल तर ठेकेदाराला बोलावण्याआधी वहीत हे तीन रकाने आखा. त्यातला तिसरा रकाना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून भरा.