दस्ता

आमच्या घरात ‘गन’ हा शब्द रोजचा होता. “गन धुतली का?”, “गनचं नोझल चोंदलंय”, “आज गनला हात लावू नको, हवा दमट आहे” ही वाक्यं ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो. अब्बांचं बार्शीत डेंटिंग-पेंटिंगचं शेड होतं आणि गन म्हणजे रंग मारायची स्प्रे गन. मार्केट यार्डात तुरीची पोती वाहणारे टेम्पो, जीपगाड्या, ट्रॅक्टरची बॉनेटं, लग्नसराईत एखादं लोखंडी कपाट, असं काय काय त्या गनखालून गेलं.

‘बंदूक’ हा शब्द मात्र घरात चालत नसे. कारण दादी. तिचं माहेर उस्मानाबादकडचं, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. बार्शीहून निघालं की काही कोसांवर हद्द लागायची आणि १९४८ पर्यंत हद्दीपलीकडचा मुलूख निजामाचा होता. त्या वर्षी दादीनं बंदुका पाहिल्या. आधी रझाकारांच्या हातात आणि सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर दुसऱ्यांच्या हातात. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. तो अहवाल कितीतरी वर्षं लोकांसमोर आला नाही. दादीला अहवालाची गरज नव्हती. उरुसात आम्ही टिकल्यांचं पिस्तूल विकत घेतलं की ती ते काढून घ्यायची आणि बदल्यात शिट्टी द्यायची. का, ते विचारायची आमची हिंमत नव्हती.

दादी गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. आणि आता अशा घरात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीनं रायफल आणली.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला खेड्यातला मुलगा टीव्हीवर दिसला आणि नववीतल्या या पोरीनं घरात धोशा लावला. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकमध्ये जागतिक विजेतेपद पटकावलं होतं, हेही तिनंच शोधून आम्हाला सांगितलं. सोलापुरात सराव सुरू झाला. दहा मीटरवरून नेम धरायचा आणि दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! पहिले काही महिने रायफल तिथलीच वापरली. मग भावानं तिच्यासाठी एक वापरलेली एअर रायफल रीतसर बिल करून घेतली. जुनी, लाकडी दस्त्याची.

दस्ता या शब्दाची मला गंमत वाटते. फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. त्यातून बंदुकीचा दस्ता आला, दस्तखत आलं, दस्तऐवज आला, जबरदस्तही आलं. आणि आम्ही शाळेत असताना दुकानातून चोवीस तावांचा आणायचो तो कागदाचा दस्ताही त्यातलाच. बंदूक आणि कागद एका शब्दात शेजारी शेजारी बसलेले आहेत. आमच्यासारख्यांच्या घरात तर ते नेहमीच शेजारी ठेवावे लागतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर कॅलिबरच्या आणि वीस जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. तरीही भावानं बिलाच्या चार झेरॉक्स काढल्या.

या दस्त्याचं पॉलिश जागोजाग उडालं होतं. आधीच्या मालकानं वर तेल चोळलेलं, त्यामुळे लाकूड काळं पडलेलं. पोरीला मोरपंखी रंग हवा होता. अब्बा म्हणाले, “लकडी अच्छी है, उसकू छुपाना नको.” आजोबा-नातीची दोन दिवस बोलाचाली झाली आणि तोड निघाली. पुढचं टोक मोरपंखी, तो रंग मागे येता येता विरत जाईल आणि गाल टेकतो तिथे नुसतं लाकूड राहील.

अब्बा आता अठ्ठ्याहत्तरचे. आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून रंग मारला, त्याची फुफ्फुसांनी वसुली केली आहे. काँप्रेसर कधीच विकला. म्हणून हे काम डब्याच्या स्प्रेनं करायचं ठरलं. हात पोरीचा आणि जीभ अब्बांची. क्लिअरचे दोन प्रकार असतात. साध्या डब्यातलं नुसतं उडून वाळतं. दुसऱ्यात बुडाचं बटण दाबलं की हार्डनर मिसळतो. ते दगडासारखं टणक होतं, पण त्यातलं आयसोसायनेट छातीला फार वाईट. “वो नको,” अब्बा म्हणाले, “मेरा एक सीना बस हुआ.” पोरीला साध्या डब्यासाठीही त्यांनी चांगला मास्क आणायला लावला.

डिसेंबरातली कोरडी सकाळ निवडली. पावसाळी हवेत क्लिअर मारलं की ते दुधासारखं पांढरं पडतं. दस्ता स्क्रू काढून सुटा केला. आधी तेल काढायचं, नाहीतर वरचा रंग फाटतो आणि त्याला माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. थिनरचं फडकं पुन्हा पुन्हा फिरवलं, काळं निघायचं थांबेपर्यंत. मग १२० नंबरचा पेपर, मग २२०, मग ३२०, सगळे लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. त्यावर सीलर आणि मग रंग. डबा मिनिटभर हलवायचा, आतली गोळी खडखडली पाहिजे. अंतर वीतभर. फवारा दस्त्याच्या अलीकडे सुरू करायचा आणि पलीकडे गेल्यावर बोट उचलायचं. हात मध्येच थांबला की तिथे ओघळ. “अगं, बार्शी लाइट आहे का? हर स्टेशन पे रुकती!” अब्बा ओरडले. १८९७ साली सुरू झालेल्या आमच्या त्या छोट्या गाडीचं रुळांवरून नाव पुसलं गेलं, पण संथपणासाठी ती अजून कामाला येते.

पातळ हात, मग पंधरा मिनिटं थांबायचं. पुन्हा पातळ हात. अधीर माणसानं एकदाच जाड थर मारला की वरची साय वाळते आणि आत ओलं राहतं. रंगाचे चार हात, दुसऱ्या दिवशी क्लिअरचे चार. मध्ये आठशेचा पेपर पाणी लावून हलक्या हातानं. गालाच्या जागी शेवटचा हात मंद चमकेचा, कारण तुळतुळीत झालं तर घामानं गाल घसरतो.

लोखंडी भाग बाजूला ठेवला होता, तरी अब्बांनी त्यावरच्या क्रमांकाला आधी टेप लावून घेतला. फवाऱ्याची धूळ कुठेही बसते. बंदुकीवरचा क्रमांक खोडणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. एअर रायफलीला परवाना लागो न लागो, बिलावरचा क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक जुळलाच पाहिजे. काम झाल्यावर टेप काढला आणि अब्बांनी तो क्रमांक चष्मा वर करून मोठ्यानं वाचला.

खरा पेच पुढेच होता. दस्ता वाळवायचा कुठे? अम्मी म्हणाली, मागच्या खोलीत. तिथे धूळही नाही आणि नजरही नाही. भावालाही तेच पटत होतं. दादी असती तर तिनंही तेच सांगितलं असतं. अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पीछे टांगे तो चोरी का लगता. सामने टांग.”

दोन दिवस तो मोरपंखी दस्ता ओट्यावरच्या तारेला लटकत होता. गल्लीतली पोरं जमली. किराणावाल्यानं ‘माझ्या दारावर असा रंग मारून देता का’ विचारलं. शेजारचे निवृत्त हवालदार काका चहाला थांबले. त्यांच्या थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्याला जवसाचं तेल चोळायचे, ते सांगत बसले. “तेलाची फडकी गोळा करून ठेवत नव्हता ना?” अब्बांनी विचारलं. “ती आपोआप पेटतात.” दोघा म्हाताऱ्यांची अर्धी सकाळ त्यातच गेली. काही माणसं तारेकडे बघून काही न बोलता पुढे गेली. अम्मीनं मात्र तीच तेवढी मोजली. तिचा आकडा मी अजून विचारलेला नाही.

पोरगी आता शनिवारी एस.टी.नं सोलापूरला जाते. खांद्याला रायफलीची लांब बॅग, आत तो दस्ता. पाठीवरच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बिल, ओळखपत्र, आधारची प्रत, सरावाच्या जागेचं पत्र. कंडक्टरनं विचारलं तर ती स्वतःच फोल्डर पुढे करते, हसत. अब्बांनी सांगून ठेवलंय, वर्षभरानं क्लिअरवर ओरखडे दिसले की पुन्हा दोन हात मारू. लाकडाला काही होत नाही, क्लिअर त्यासाठीच असतं.

तिच्याबरोबर बार्शीचीच एक मैत्रीण जाते, तशीच रायफल घेऊन. तिच्या पिशवीत जेवणाचा डबा असतो आणि छऱ्यांची डबी. कागद नसतो.