त्रिरश्मीचा वणवा आणि आपण

चौदा एप्रिलला चार दिवस राहिले होते. आईने घरातल्या सगळ्यांचे पांढरे कपडे धुऊन, नीळ देऊन रात्री अंगणातल्या तारेवर वाळत घातले होते. सकाळी काढायला गेलो तर प्रत्येक सदऱ्यावर काळे ठिपके. झटकायला जावे तर ठिपका पसरून रेघ व्हायची. गवताची राख होती ती. समोर त्रिरश्मीचा डोंगर पायथ्यापासून निम्म्यापर्यंत काळा पडला होता. शहर ज्याला पांडवलेणी म्हणते आणि ज्याच्याशी पांडवांचा काडीइतकाही संबंध नाही, तोच हा आपला डोंगर.

धूर कसा वागतो हे डोंगराखाली राहणाऱ्यांना कळते. दिवसा तो वर जातो, तेव्हा लोक महामार्गावर गाडी थांबवून फोटो काढतात. रात्री डोंगरावरची गार हवा उताराने खाली येते, धुराला सोबत घेऊन वस्तीत शिरते. आईला दमा आहे. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला, पण पत्र्याच्या घरात फट एकच असते थोडीच! पत्रा आणि भिंत यांच्या मधून धूर आत येत राहिला आणि आई रात्रभर पंप हातात धरून भिंतीला टेकून बसून राहिली. झोपली की श्वास अडकायचा.

आम्ही वस्तीतली नऊ-दहा पोरे त्या रात्री वर गेलो होतो. हातात कडुलिंबाच्या ओल्या फांद्या. वणवा पाण्याने कमी आणि झोडपून जास्त विझतो, हे तिथे गेल्यावर कळले. आग चढाला लागली की माणसापेक्षा वेगाने पळते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला उभे राहायचे नाही, कडेने झोडपत यायचे. हे आम्हाला शिकवले ते शेळ्या राखणाऱ्या एका मावशींनी. त्या आमच्या आधीच तिथे होत्या. ज्यांची जबाबदारी होती त्यांना फोन केला, तर माणसे दुसऱ्या डोंगरावर गेली आहेत असे उत्तर मिळाले. खरेही असेल. एप्रिलमध्ये नाशिकच्या आसपास एकच डोंगर जळतो असे थोडेच आहे?

सकाळी मोबाईल उघडला. आसपासच्या सोसायट्यांच्या एका ग्रुपवर निकाल लागून मोकळा झाला होता : ‘हे शेळ्यावालेच पेटवतात, यांना वर जाऊ देता कामा नये.’ खाली तीस-चाळीस अंगठे. रात्री झोडपायला यातले कोणी नव्हते.

आम्ही असे म्हणत नाही की चराईसाठी कोणी कधी गवत पेटवत नाही. जुने जाळले की कोवळे लवकर फुटते, या समजुतीने पेटवणारे आहेत आणि त्यांच्याशी बोलायला हवे. पण आग जिथून सुरू झाली असावी तिथे आम्हाला सिगारेटची थोटके, दारूच्या बाटल्या आणि केकचा खोका सापडला. यावरूनही काही सिद्ध होत नाही. प्रश्न असा आहे की खोका पाहूनही संशय शेळ्यांवरच का जातो? १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नजर मात्र कायम आहे. आणि गंमत बघा. १९२७ चा भारतीय वन कायदा, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्याच वर्षीचा. त्याच्या ७९ व्या कलमानुसार ज्यांना जंगलात चराईसारखे हक्क आहेत त्यांनी वणव्याची खबर देणे आणि तो विझवायला मदत करणे बंधनकारक आहे, न केल्यास शिक्षा. फोटो काढणाऱ्याला असे कोणते बंधन आहे?

पण दुसऱ्यांना बोलून आपली सुटका होत नाही. दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्रिरश्मी पर्वतावर हे लेणे आणि या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, करवल्याची नोंद त्यात आहे. लेणे कोरून तो थांबला नाही. भिक्खूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी ३००० कार्षापण त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले : २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजावर भागवायचे. ते गोवर्धन गाव आजही नाशिकच्या पश्चिमेला आहे. विणकर सांभाळायचे आणि संघ नांदायचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना कळत होते की वास्तू उभी करणे हे एक काम आणि ती वर्षानुवर्षे चालवणे हे दुसरे.

आपण काय करतो? बुद्ध पौर्णिमेला वर जातो, वंदना घेतो, सेल्फी घेतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या महाबोधी वृक्षाची फांदी पायथ्याशी रुजवली, तेव्हा आम्हीही गर्दीत होतो आणि डोळे भरून आले होते, हे खोटे कशाला सांगा. पण डोंगराला गरज असते ती दिवाळीनंतर. गवत पिवळे पडले की वाटेच्या दोन्ही बाजूंनी पट्टा कापून जाळरेषा काढावी लागते, म्हणजे आग पुढे सरकत नाही. त्या दिवसांत आपला एकही कार्यक्रम तिथे नसतो. वणव्यात माळावर अंडी घालणाऱ्या तितराची पिल्ले जातात, पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते. आपण मात्र पौर्णिमेला काळ्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर फोटो काढून येतो.

त्या चौदा एप्रिलला आम्ही तेच सदरे घातले. आईने दोनदा धुतले तरी ठिपके गेले नाहीत. “असू दे, बाबासाहेबांना चालतील,” म्हणाली.

पुढच्या दिवाळीनंतर गवत कापायला चला, अशी आम्ही हाक दिली. यादीत चाळीस नावे आली. सकाळी सात वाजता हजर सात जण. आठव्या त्या शेळ्यावाल्या मावशी, स्वतःचा विळा घेऊन. आमच्यातल्या दोघांना विळा धरता येत नव्हता, त्यांना त्यांनी धरायला शिकवले. दुपारी घाम पुसत त्यांनी विचारले, “दादा, हे कापलेलं गवत मी शेळ्यांना नेऊ का?” परवानगी लागेल, असे सांगण्यात आले. मावशींच्या नावाने अर्ज लिहून आम्ही दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही, गवताचे भारे तिथेच वाटेला पडून आहेत आणि आता फेब्रुवारी संपत आला आहे.