आधी गार्ड, मग ग्राइंडर

माझे मामा इंदूरला असतात. सांवेर रोडला त्यांचं गेट-ग्रिलचं छोटं वर्कशॉप आहे. मामी धारवाडच्या. त्यामुळे घरात मराठी नि कानडी, दाराबाहेर हिंदी. मागच्या हिवाळ्यात तिथं गेले, तेव्हा गच्चीवरच्या कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड स्वतःच करायचा हट्ट मी धरला.

ग्राइंडर हातात देण्याआधी मामांनी हनुवटीवरचा व्रण दाखवला. लहानपणापासून तो पाहत होते, पण कारण कधी विचारलं नव्हतं.

"घाई होती. गार्ड आडवा येतो म्हणून काढून ठेवला होता. अँगल दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापत होतो. कापत आल्यावर तो वाकला, चाक त्यात चिमटलं आणि फुटलं. तुकडा जरा वर लागला असता तर डोळाच गेला असता."

चार इंची ग्राइंडरचं चाक मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतं. म्हणजे त्याची कड ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगानं पळते! तो वेग आणि आपण, यांच्यामध्ये फक्त गार्ड असतो.

मग धडे सुरू झाले. चाकावर छापलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नकोत. मधल्या कडीवरची मुदत बघायची. तडा गेलेलं, खाली पडलेलं चाक सरळ टाकून द्यायचं. चाक बदलताना आधी प्लग काढायचा. नवं चाक मिनिटभर रिकामं फिरवून पाहायचं. पातळ चाकानं फक्त कापायचं. घासायला जाड चाक वेगळं. लाकडाचं दातेरी पातं तर यात कधीच लावायचं नाही.

अँगल शिकंजात घट्ट धरला. कापून पडणारा भाग मोकळा ठेवला, म्हणजे फट उघडत जाते, मिटत नाही. माझी ओढणी खुंटीवर गेली, वेणी अंबाड्यात. चष्मा असूनही वर गॉगल चढला. ठिणग्या जातील तिथला थिनरचा डबा आणि चिंध्या मामांनी उचलल्या. दोन्ही हातांनी मशीन धरून, चाकाच्या रेषेतून बाजूला उभी राहिले.

"सावकाश माडव्वा!" दारातून मामी ओरडल्या. 'सावकाश' मराठीही आणि कानडीही. मी जोर कमी केला, तसं चाक आपणहून कापू लागलं. बटण बंद केल्यावरही ते फिरत राहतं. थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही, हा शेवटचा धडा.

स्टँड थोडा डुगडुगतो, पण बेळगावला गच्चीवर उभा आहे. घरी आल्यावर मात्र पहिलं काम वेगळंच केलं. आमच्या ग्राइंडरचा गार्ड कित्येक वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता. ह्यांनी विचारलं, "आता कशाला तो?"

मी मामांच्या हनुवटीची गोष्ट सांगितली. ह्यांनी काही न बोलता पाना आणून दिला.