पस्तीस कुठून आले?

मोबाइलवर ‘कृतिसंशोधन नमुना पीडीएफ’ एवढं लिहून शोधलं की शिक्षकानं आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून पाहिल्याचा आख्खा अहवाल हाती येतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, पाच प्रकरणं आणि परिशिष्टात प्रश्नपत्रिका, सगळं जागच्या जागी. शाळेचं नाव आणि पटसंख्या बदलली की झालं. बी.एड.चं प्रात्यक्षिक जमा करायची वेळ आली की असे अहवाल व्हॉट्सॲपच्या गटांतून जोरात फिरू लागतात. बहुतेकांचा शेवट सुखाचा: पूर्वचाचणीत मागे पडलेली मुलं उत्तरचाचणीत हमखास पुढे. उपाय फसला, असं सांगणारा अहवाल शोधायला मात्र चिकाटी लागते.

शिक्षकांना आळशी ठरवून यातून सुटका नाही. द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, त्यात पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज कुठली तरी ऑनलाइन माहिती भरणं. अशा माणसाला तयार साचा मिळाला तर तो घेणारच. अडचण पुढची आहे. साचा अहवाल कसा लिहायचा ते शिकवतो, वर्गाकडे कसं बघायचं ते शिकवत नाही.

तिसरीच्या वर्गातली हातच्याची वजाबाकी घ्या. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आणि पाटीवर उत्तर येतं पस्तीस. तयार अहवालात याला ‘संकल्पना अस्पष्ट’ म्हणतात आणि उपाययोजनेत सराव, गटकार्य, शैक्षणिक साहित्य असं सगळं लिहून मोकळे होतात. पण पस्तीस दोन वाटांनी येतात. एक मूल एककात दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन काढतं, पाच लिहितं, दशकात तीन. दुसरं मूल दशक सुटा करून बारातून सात नीट वजा करतं, पण एक दशक कमी झाला हे विसरतं. तिथंही पाच आणि तीन. उत्तर एकच, चूक निराळी. पहिल्याला काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायला हवा. दुसऱ्याला गठ्ठा सोडता येतो, फक्त उरलेले गठ्ठे पुन्हा मोजायची सवय लावायची आहे. दोघांना एकच सराव दिला तर पहिला आपली चूक पक्की करत बसतो.

हे ओळखायचं कसं? प्रश्न बदलून. बावन्नाच्या जागी त्रेपन्न घ्या. पहिलं मूल चौतीस लिहील, दुसरं छत्तीस. एका अंकाच्या फरकानं चाचणी बोलकी होते. त्यानंतर मुलाला जवळ बसवून ‘कसं केलंस, सांग बरं’ असं विचारायचं आणि ते म्हणेल ते तसंच्या तसं टिपून ठेवायचं. पूर्वचाचणी हिला म्हणावं. पंधरा मुलांच्या वर्गात संख्याशास्त्रातलं टी-मूल्य काढून दशांशचिन्हापुढे तीन अंक लिहिण्यापेक्षा हे काम अवघड आहे आणि, खरं सांगायचं तर, जास्त रंजकही.

कृतिसंशोधनाची घडण मुळात अशीच आहे. कर्ट लेविन यांनी 1946 मध्ये कृती आणि शोध यांची सांगड घालणारा निबंध लिहिला, तो सामाजिक प्रश्नांविषयी होता. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी 1953 च्या पुस्तकातून ती कल्पना शाळेत नेली. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षकालाच संशोधक मानलं. त्यांच्या परंपरेतले जॉन एलियट आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकात शिक्षकांसोबत एका प्रकल्पात काम करत होते. तिथं एकाच तासाविषयी शिक्षक, विद्यार्थी आणि बाहेरचा निरीक्षक अशा तिघांचं म्हणणं घेऊन ताडून बघत. शिक्षकाला वाटतं आपण मुलांना बोलू दिलं. मुलं सांगतात, सरांना हवं तेच उत्तर चालतं. आपल्याकडच्या साच्यात या तिसऱ्या माणसाला सहसा जागाच नसते.

मग शिकायचं कुठून? इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर शिक्षक-शिक्षणाचे पाठ मोफत आहेत आणि त्यांत कृतिसंशोधनही येतं. पायऱ्या समजायला ते पुरेत, भाषा मात्र परीक्षेच्या पुस्तकाची. 2017 मध्ये सुरू झालेली दीक्षा आणि स्वयम् ही व्यासपीठं प्रशिक्षणाची ठरलेली वाट झाली आहेत. तिथं चित्रफीत पाहता येते, प्रश्नमंजूषा सोडवता येते, प्रमाणपत्रही मिळवता येतं. पण कोणा शिक्षकाची खरी गोंधळलेली टिपणवही तिथं हाती लागणं कठीण. त्यासाठी इंग्रजीशी थोडी झटापट करावी लागते. जीन मॅकनिफ यांची नवशिक्यांसाठीची छोटी पुस्तिका मोफत आहे आणि ती प्रश्नांतूनच पुढे सरकते: तुला कशाची काळजी वाटते, का वाटते, तू काय करू शकतेस, बदल झाला हे दाखवणार कसं? जॅक व्हाइटहेड यांनी तर शिक्षकांचे शोध आणि प्रबंध वर्षानुवर्षं जमवून सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. आपलं काम अधिक चांगलं कसं करावं, एवढ्याच प्रश्नाभोवती ते लिहिलेले असतात. त्यातला एखादा सुरुवातीपासून वाचला की कळतं, पहिली समस्या बहुधा मधेच बदलते. वर्ग बोलत नाही म्हणून सुरू केलेला शोध पुष्कळदा शिक्षकच किती बोलतो याच्याशी येऊन थांबतो.

मराठीत अशा साहित्याची वानवा आहे, ती पायऱ्यांची नव्हे, कच्च्या मालाची. मुलाच्या वहीचं पान, त्याशेजारी शिक्षकाची टीप, पहिला उपाय चालला नाही तेव्हाची नोंद आणि मग बदललेला प्रश्न, एवढं चार पानांत कोणी दिलं तरी ते पन्नास पानी नमुन्यापेक्षा उपयोगी पडेल. केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत हे आजही करता येतं. तीन शाळांच्या शिक्षकांनी वजाबाकीच्या दहा-दहा वह्या आणायच्या, अदलाबदल करायची आणि कोणाचे पस्तीस कुठल्या वाटेनं आले ते लिहून काढायचं. वहीचं पान मोबाइलनं टिपताना मुलाचं नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा झाकावा लागतो.