अब्बांचा रेझर

अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत दोन भाग होते. एका भागात तिकिटांचा ट्रे, पंच आणि वेबिल. दुसऱ्या भागात टॉवेल, साबणाची डबी, तुरटीचा खडा, प्लॅस्टिकच्या मुठीचा ब्रश आणि दाढीचा रेझर. अब्बा एसटीत कंडक्टर होते, सोलापूर डेपोला, १९७८ पासून २०१३ पर्यंत. मुक्कामाची गाडी असली की ही पेटी हेच त्यांचे घर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीनदा त्यांनी मला मुक्कामाच्या गाडीवर नेले होते. पहाटे जाग यायची ती हापशाच्या आवाजाने. अब्बा फजर पढून मोकळे झालेले असत. ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशासमोर उभे राहून ते गालाला फेस लावत. बनियनवर, खांद्यावर टॉवेल. अंधार अजून पुरता गेलेला नसे. समोरच्या घरातून चुलीचा धूर येई आणि पहिल्या गाडीने तालुक्याला जाणारी माणसे गाठोडी घेऊन झाडाखाली बसलेली असत. त्या सगळ्यांच्या देखत अब्बांची दाढी चाले, पण त्यात कसलीही घाई नसे. पंधरा मिनिटांनी तोच माणूस खाकी घालून दारात उभा राही, बेल वाजवी आणि गाडी सुटे.

तो रेझर तीन तुकड्यांचा होता. वरची टोपी, मधली दातेरी पट्टी आणि खालचा दांडा. मुळात पितळी, वरचा चकाकता मुलामा बोटांच्या जागी उडून पिवळा धातू दिसू लागला होता. कंपनीचे नाव कधीच पुसले गेले होते. दांडा फिरवला की टोपी सुटायची, मध्ये दोन धारेचे ब्लेड ठेवायचे, पुन्हा आवळायचे. बिघडण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

मी सतरा वर्षांचा असताना, २००५ साली, अब्बांनी तो माझ्या हातात दिला. मी तो वस्तऱ्यासारखा दाबून ओढला आणि हनुवटीवर रक्ताचा थेंब उभा राहिला. अब्बा हसले. तुरटी ओली करून लावली आणि म्हणाले, "जोर नको लगा रे. पत्ती अपना काम करती. तू खाली उसकू रस्ता दिखा."

आमच्या दखनीतला हा 'नको' मराठीचाच. मी आता विज्ञान शिकवतो, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला जरा वेगळ्या भाषेत सांगता येतो. रेझरचे डोके जड असते. दांडा गालाशी साधारण तीस अंशांचा कोन करून धरला की धार केसाला टेकते आणि त्या वजनानेच केस कापला जातो. दाब दिला की पाते कातडीत घुसते. आधी केसांच्या कलाने फिरवायचे, मग पुन्हा फेस लावून आडवे. गरम पाण्याने केस फुगून मऊ होतो, म्हणून आधी पाणी. हे सगळे अब्बांना कोणी शिकवले नव्हते, पण त्यांच्या हाताला ठाऊक होते.

एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी आठवीत असताना मामू दुबईहून आले. अब्बांसाठी त्यांनी एक देखणा ब्रश आणला होता, मुठीवर सोनेरी इंग्रजी अक्षरे. अब्बांनी दोन दिवस तो वापरला. तिसऱ्या दिवशी मी शाळेची डिक्शनरी काढून 'प्युअर ब्रिसल' म्हणजे काय ते पाहिले आणि घरभर सांगितले : डुकराचे राठ केस! अम्मीने ब्रश चिमट्यात धरून बाहेर नेला. मामूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दुबईत घेतलेली वस्तू म्हणजे ठीकच असणार, असे बिचाऱ्यांना वाटले होते. अब्बांनी तीन-तीनदा तोंड धुतले आणि जुना नायलॉनचा ब्रश पुन्हा काढला. "ये गरीब है, मगर पाक है," म्हणाले. आजही कोणाला या शौकाकडे वळायचे असेल तर माझे एवढेच सांगणे, ब्रशवर काय लिहिलेय ते आधी वाचा. ओळखीतले शौकीन बिज्जूच्या केसांचे, घोड्याच्या केसांचे ब्रश मागवतात. माझे नायलॉनवर भागते.

हो, आता हा शौक झाला आहे. पुण्यात माझा बी.एड.चा एक वर्गमित्र आहे. त्याच्याकडे जर्मनीच्या झोलिंगेनचा रेझर आहे, जपानी ब्लेड आहेत, साबणांच्या वाट्या वेगळ्या. रविवारी सकाळी तो तासभर दाढी करतो. त्याला मी हसायचो. ज्या वस्तूवर आमचे वडील आठवड्याला एक ब्लेड खर्चून भागवत, तिच्यावर हा हजारो रुपये घालतो!

पण या वस्तूची कुळकथाच अशी उलटी आहे. ती काढणारा अमेरिकेचा किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचे विकत फिरणारा माणूस. १८९४ साली त्याने एक पुस्तक लिहिले, त्यात स्पर्धाच नको, सगळ्या लोकांनी मिळून एक मोठे शहर वसवावे आणि सर्वांचे सारखे भले व्हावे, असे स्वप्न मांडले. आणि पुढच्याच वर्षी त्याच्या डोक्यात आले ते काय, तर वापरून फेकून द्यायचे ब्लेड! इतके पातळ पोलाद तयार करायला पुढे काही वर्षे गेली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर खपले. १९०४ मध्ये नव्वद हजारांच्या वर. ब्लेडच्या वेष्टनावर त्याचा फोटो छापलेला असे, आणि त्या फोटोत साहेबांना भरघोस मिशा आहेत. ज्याने जगाला फेकायला शिकवले, त्याचा रेझर मात्र बाप मुलाला देऊन जातो.

बी.एड.ला गेल्यावर मीही तो रेझर सोडला. पुण्यात सगळे दोन-तीन पात्यांचे कार्ट्रिज वापरत. त्याला कोन लागत नाही, लक्ष लागत नाही. झोपेतही दाढी होते. त्याच काळात भाड्याची खोली शोधत फिरलो. चेहरा गुळगुळीत, मराठी सोलापूरची. घरमालकाशी गप्पा रंगत, चहा येई. मग नाव विचारले जाई आणि खोली कालच कोणाला तरी दिलेली असे. शेवटी मित्राच्या खोलीत तिसरा म्हणून राहिलो. नोकरी लागली, सोलापुरातच, आणि आता दुसऱ्या बाजूने विचारणा सुरू झाली. उर्दू शाळेचे सर आणि चेहरा असा? जुम्म्याच्या नमाजनंतर एक बुजुर्ग हात धरून विचारत. वाईट हेतूने नाही, मायेनेच विचारत. मी मान खाली घालून "दुआ करो" म्हणे. दाढी सुन्नत आहे हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण तिकडे खोली नाकारणाऱ्याला चेहऱ्यावरून माझा पत्ता हवा होता आणि इकडे यांनाही. या दोघांच्या मध्ये उभे राहून मी रोज तीन पात्यांनी घाईघाईने चेहरा साफ करत होतो. तो निर्णय होता की नुसती सवय, हे मला सांगता आले नसते.

निवृत्तीनंतर अब्बांनी दाढी राखली. एके दिवशी केली नाही, दुसऱ्या दिवशी केली नाही, एवढेच. महिन्याभरात पांढरीशुभ्र, भरगच्च. त्या बुजुर्गांनी त्यांनाच गाठले, आता बेट्यालाही सांगा. अब्बा म्हणाले, "मेरी थी, मैं रखा. उसकी उसकू पूछो." घरी येऊन मला त्यातले एक अक्षर बोलले नाहीत. मला ते दुसऱ्याच कोणाकडून कळले.

२०१८ मध्ये अब्बांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. गालावरचे आणि गळ्याखालचे केस वाढून दाढीचे खत बिघडले. खलिफाला घरी बोलावले तर अब्बांनी मान हलवली आणि डाव्या हाताने पेटीकडे बोट केले. मग दर जुम्म्याला मी ते करू लागलो. दुसऱ्याचा चेहरा आणि तोही बापाचा. आरशात पाहून करण्याची सवय असलेल्या हाताला सगळे उलटे वाटते. कातडी सैल झालेली, ती डाव्या हाताने ताणून धरायची. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता. अब्बांनी डोळे मिटले आणि वाकड्या जिभेने एवढेच म्हणाले, "जोर... नको." गळ्यावर धार धरलेल्या मुलासमोर डोळे मिटून बसलेला बाप. पुढे दीड वर्ष हे चालले. एकदाही त्यांना लागले नाही. मला या जन्मात जे थोडेबहुत नीट करता आले, त्यात हे मोजतो.

२०२० च्या जानेवारीत अब्बा गेले. पेटी अम्मीने पलंगाखाली सरकवून दिली. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. दुकाने बंद, खलिफाही बंद. जूनअखेर सलून उघडली तेव्हाही फक्त केस कापायची परवानगी होती, दाढीची नव्हती. माझे कार्ट्रिज रमजानमध्येच संपले होते. दाढी वाढली. शेजारी म्हणाले, छान दिसते, राहू दे. मलाही वाटले, राहू द्यावी. आपोआपच आली आहे. आणि नेमके तेच मनाला पटेना. अब्बांची आपोआप आली नव्हती.

२५ मे २०२० ला ईद होती. नमाज घरीच. पहाटे मी पेटी ओढली. पाकिटात तीन ब्लेड शिल्लक होती. पाणी गरम केले, फेस केला आणि त्या पिवळ्या पडलेल्या दांड्याला बोटे लावली. ती नेमकी झिजलेल्या जागी बसली. वीस मिनिटे लागली. तेव्हापासून मी तोच वापरतो. दाढी कधी राखीन का, राखीन कदाचित. पण ज्या दिवशी राखीन त्या दिवशी रेझर हातात घेऊन, विचार करून खाली ठेवलेला असेल.

पेटीशेजारी अब्बांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकणाला छिन्नीने फट पाडलेला. गल्ली झाडणाऱ्या बाईचा हात एकदा कचऱ्यातल्या ब्लेडने कापला होता, तेव्हापासून अब्बा वापरलेले ब्लेड त्या फटीतून आत टाकत. आठवड्याला एक धरले तर नोकरीच्या पस्तीस वर्षांची अठराशेच्या वर होतात. माझीही त्यातच पडत गेली आणि गेल्या रमजानमध्ये डबा भरला. भंगारवाल्याने तो हलवून पाहिला, झाकण उघडू म्हणाला. मी म्हटले, उघडू नको, तसाच ने, पैसे नकोत. त्याने पोत्यात वेगळा गुंडाळून घेतला.

दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्याला मी छिन्नीने फट पाडली. माझा नऊ वर्षांचा मुलगा डबा धरून बसला होता. अजून त्यात ब्लेड टाकले की तळावर आपटल्याचा आवाज येतो.