मान टाकलेली पाने

आमच्या मोहल्ल्यात नळ आठवड्याने येतो. त्या दिवशी टाकी, हंडे, बादल्या भरल्या की उरलेले पाणी घरोघरी कुंड्यांत जाते. दोन दिवसांनी पीस लिली मान टाकते आणि शेजारणी विचारतात, "एवढे पाणी घालूनही ही सुकते कशी?"

तहानेने असो वा जास्त पाण्याने, पाने सारखीच लोंबतात. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही. ती कुजतात आणि पाणी वर पोहोचतच नाही. म्हणून आम्ही बोट दोन पेरे मातीत घालून पाहतो. कोरडे लागले तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी घालतो. काही तासांत पाने उभी राहतात. ओले लागले तर पाणी बंद, बशीही रिकामी. तरीही पाने उठली नाहीत तर काळी, मऊ मुळे कापून रोप भुसभुशीत मातीत लावतो. मे महिन्यात कुंडी कडक ऊन आणि कूलरच्या झोतापासून दूर ठेवतो.

वजू आम्ही चिलमचीत करतो. ते पाणी पुन्हा वजूला चालत नाही, पण कुंडीला चालते. मात्र तेही माती कोरडी असेल तेव्हाच.

मलिक अंबरने वसवलेल्या या शहरात कधीकाळी नहरींतून पाणी खेळत होते. आज ते मोजून मिळते. वाहत्या नदीकाठीही वजूत पाणी वाया घालवू नये, ही आपल्या रसूलांची (सल्ल.) शिकवण आहे. गरजेपेक्षा जास्त ओतलेला तांब्या हाही इसराफच. त्यात पाणीही जाते आणि रोपही.