उतरलेली बॅटरी

मी कलाशाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध म्हणजे दिवा लावणे, दिवा मालवणे आणि बिल आले की ते वडिलांच्या हाती देणे, एवढाच. अशा माणसाने वार्षिकासाठी मोटारसायकलच्या बॅटरीवर लिहावे याचे आमच्या सरांना नवल वाटेल. पण त्या वीतभर ठोकळ्यापायी 2024 च्या पावसाळ्यात मी घरात एक अन्याय करून बसलो, आणि तो अन्याय कुणा माणसाने नव्हे, तर आकड्यांनी माझ्या पदरात घातला. म्हणून हा लेख.

आमचे गाव सातारा-कोरेगाव रस्त्यावर. आप्पांची 2009 सालची मोटारसायकल घरात आहे. तिला सेल्फही आहे आणि किकही. सकाळी ती मी कॉलेजला नेतो, संध्याकाळी धाकटा भाऊ तिच्यावर दुधाची किटली घेऊन डेअरीत जातो. एका गाडीचे दोन मालक, त्यामुळे पेट्रोल कोणी संपवले आणि चिखल कोणी उडवला यावर आमचे रोजचे खटके ठरलेलेच.

जुलैतल्या एका सकाळी सेल्फचे बटण दाबले, तर आतून नुसता ‘टक्’ असा आवाज आला आणि गाडी गप्प. हॉर्न वाजवून पाहिला, तर तो सर्दी झालेल्या माणसासारखा घोगरा. इंडिकेटर एकदा लागला तो विझायलाच तयार नव्हता. किक मारली तर मात्र गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने डब्याकडे नुसते पाहून निकाल दिला, “बॅटरी संपली. नवी घाला.” पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांतले बाराशे रुपये मोजून मी नवी बॅटरी घातली. सेल्फ झोकात फिरला. मी निश्चिंत झालो.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच ‘टक्’!

आता मात्र माझा संताप अनावर झाला. मिस्त्रीने गाडी पाहिली होती, बॅटरी नवी होती. मग उरले कोण? धाकटा! डेअरीच्या रांगेत मित्रांशी गप्पा मारताना हा किल्ली चालूच ठेवत असणार, इंडिकेटरचा खेळ करत असणार, असे मी मनाशी ठरवून टाकले. आईसमोर, आप्पांसमोर मी त्याला नको ते बोललो. “फुकटचं मिळतं म्हणून किंमत नाही तुला,” इथपर्यंत माझी मजल गेली. तो एवढेच म्हणाला, “मी किल्ली चालू ठेवत नाही, दादा.” मी किल्ली खिशात घातली आणि त्याला गाडी बंद केली. दुसऱ्या दिवसापासून तो सायकलच्या हँडलला किटली अडकवून पावसातून डेअरीत जाऊ लागला. आप्पा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसांत जेवताना आमच्या घरात भांड्यांचाच आवाज फार यायचा.

मिस्त्रीने बॅटरी पुन्हा चार्ज करून दिली, आणि बाराव्या दिवशी ती पुन्हा उतरली. किल्ली माझ्या खिशात होती. खरे तर त्याच क्षणी मला उमजायला हवे होते. पण माणसाचे मन मोठे चलाख! एक आरोपी निर्दोष ठरत असेल तर ते चटकन दुसरा शोधते. मी म्हटले, बॅटरीच खराब दिली असेल.

अखेर एका वर्गमित्राने मला पोवई नाक्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेले. काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बॅटरी भरलेली आहे का?”

“नवीन आहे, काका.”

“नवीन आहे का, असं कुठं विचारलं? भरलेली आहे का, ते सांग.”

मला उत्तर देता येईना. नवे आणि भरलेले यांत फरक असतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. काकांनी बॅटरी काढली. काढताना आधी निगेटिव्ह वायर सोडवली, बसवताना ती शेवटी लावायची, म्हणजे पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी उडत नाही, हे सांगितले. पाण्याची पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे ना ते पाहिले. कमी पडले तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे. ॲसिड नाही आणि नळाचे पाणी तर मुळीच नाही. मग पाच अँपिअर-अवरच्या त्या बॅटरीला अर्धा अँपिअर करंट लावून त्यांनी ती रात्रभर ठेवली. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी ओढणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी हातानेच बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक साधा मीटर वापरायला दिला. “बारा व्होल्टची बॅटरी भरली की 12.6, 12.7 दाखवते. 12.2 म्हणजे अर्धी. 12 म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी बंद करून दोन-तीन तास झाले की मोजायचं. तीन दिवस वहीत लिहून आण. आधी मोज, मग बोल.”

माझ्या इतिहासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते आकडे अजून आहेत. सोमवार रात्र, 12.6. मंगळवार सकाळ, 12.6. कॉलेजला जाऊन आल्यावर मंगळवार रात्र, 12.4. बुधवार सकाळ, 12.4. बुधवार रात्र, 12.2.

हे पाच आकडे एकाखाली एक लिहिले आणि मी चपापलो. रात्री बॅटरी जागच्या जागी राहत होती. ती उतरत होती ती दिवसा, चालत्या गाडीत, माझ्या हाती. म्हणजे नेमकी ज्या वेळी ती भरायला हवी त्या वेळी. धाकट्याने किल्ली चालू ठेवली की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. गाडीला त्याचा हातही लागलेला नसताना ती रोज उतरत होती.

चालती गाडी बॅटरी भरते कशी, हे मी मग ग्रंथालयात बसून वाचले. लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांतले एक दुसऱ्यापुढून हलत राहिले की तारेत वीज निर्माण होते, हे फॅरडेने 1831 मध्ये दाखवले. आपल्या इंजिनाबरोबर फिरतो तो मॅग्नेट आणि त्याच्या पोटात बसलेली कॉइल हा त्याच प्रयोगाचा संसार. शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य सल्फ्युरिक ॲसिड यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गॅस्टन प्लाँते या फ्रेंच माणसाने 1859 मध्ये केली. या दोघांच्या मध्ये एक लहानसा ॲल्युमिनिअमचा डबा असतो, रेग्युलेटर-रेक्टिफायर. कॉइलमधून येणारी वीज सतत दिशा बदलत असते. हा डबा तिला एका दिशेने वळवतो आणि चौदा-साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. जास्त झाले तर बॅटरी उकळते, कमी झाले तर उपाशी राहते.

शनिवारी काकांनी गाडी सुरू केली आणि मीटर बॅटरीला लावला. 12.3. रेस वाढवली. तरीही 12.3. “बघ, इथं चौदाच्या आसपास यायला पाहिजे. काहीच पोचत नाही.”

मी शहाणपणाने म्हटले, “पण हेडलाइट तर लख्ख लागतो. वीज तयार होतेय की!”

“होतेय. पण या गाडीचा हेडलाइट सरळ कॉइलवर जळतो, त्याला बॅटरीची गरज नाही. बॅटरीची वाट वेगळी.” 2017 पासूनच्या नव्या गाड्यांत इंजिन चालू असेतो हेडलाइट जळतोच आणि इंजेक्शनच्या गाडीला बॅटरी लागतेच, पण आमची गाडी त्याआधीची. म्हणूनच तिने किकवर इतके दिवस दुखणे झाकून नेले.

काकांनी किल्ली बंद करून निगेटिव्ह वायर सोडवली आणि मीटर मध्ये जोडला. आठ मिलिअँपिअर करंट जात होता. “कोण खातंय हे?” असे पुटपुटत ते हँडलपाशी आले आणि एका बारीक लाल दिव्यावर त्यांनी बोट ठेवले. तो माझा मोबाईल चार्जर होता. दोन वर्षांपूर्वी हौसेने एका दुकानातून बसवून घेतलेला. मी कागदावर हिशेब मांडला. आठ मिलिअँपिअरने पाच अँपिअर-अवरची बॅटरी रिकामी व्हायला पंचवीस-सव्वीस दिवस लागतील. आणि रात्रीतून तर माझ्या मीटरला कळण्याइतकाही फरक पडला नव्हता. “मग हा चोर नाही,” मी म्हणालो.

“चोर नसेल. पण याची वायर कुठं गेलीय ते बघू.”

वायर टाकीखालून गेली होती. काकांनी रेग्युलेटरच्या तोंडाशी लाल वायरला मीटर लावला. तिथे 14.3! बॅटरीपाशी 12.3. हातभर अंतरात दोन व्होल्ट बेपत्ता! त्यांनी बोटांनी वायर चाचपत नेली आणि चिकटपट्टीच्या एका गाठोड्यापाशी थांबले. पट्टी उलगडली. चार्जर जोडण्यासाठी कुणी तरी लाल वायर कापून, पिळून, पट्टी गुंडाळून दिली होती. दोन पावसाळे पाणी पिऊन तांबे हिरवे पडले होते, आणि बऱ्याच तारा तुटून दोन-तीनच उरल्या होत्या. कॉइल करत होती, रेग्युलेटर देत होता, बॅटरी घ्यायला तयार होती; मध्ये माझी हौस आडवी पडली होती.

काकांनी वायर मागे कापली, कोरी केली, डाख दिला, वर स्लीव्ह चढवली. चार्जरला वेगळी, किल्लीमागची वायर दिली. इंजिन सुरू केले. बॅटरीपाशी 14.1. त्यांनी मजुरी सांगितली साठ रुपये.

निघताना मी आधीच्या बॅटरीचे विचारले. ते म्हणाले, “ती मेली ते खरं. अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, कडक होतो, मग ती भरतच नाही. पण ती मुळात वाईट नव्हती. रिकामी दिसली म्हणून सगळ्यांनी तिलाच धरलं.”

परत येताना सारा रस्ता ते वाक्य माझ्याबरोबर होते. जो रिकामा दिसतो त्याला धरायचे, जो लहान आहे त्याला धरायचे, कारण ते सोपे असते. मीटर लावायला मात्र वाकावे लागते, आणि वायर चाचपत गेले तर ती कुठे निघेल याचा भरवसा नसतो. बाराशे रुपये गेले त्याचे दुःख नव्हते. आईसमोर बोललेले ते वाक्य कुठल्या डाखाने सांधायचे, हे कळत नव्हते.

घरी पोचलो तेव्हा धाकटा अंगणात सायकलला किटली बांधत होता. मी किल्ली त्याच्यापुढे धरली.

“सापडलं?” त्याने विचारले.

“सापडलं. मी चार्जर बसवला होता, त्याचाच जोड होता. तुझं काही नव्हतं.” आणखी बरेच बोलायचे ठरवून आलो होतो. तेवढेच बाहेर आले.

त्याने किल्ली घेतली, किटली गाडीला अडकवली आणि म्हणाला, “मग महिनाभर पेट्रोल तू टाकायचं.”

सेल्फ एका दमात फिरला. तो गेल्यावर मी सायकल आत नेऊन ठेवली. हँडलच्या रबरी मुठीवर किटलीच्या कडीने खोल खाच पाडली होती. आप्पा ओसरीवरून पाहत होते. ते म्हणाले, “ब्रेक बघ तिचे. पावसात लागत नव्हते म्हणत होता.”

मी पाना आणायला आत गेलो.